आठव्या अल्बमचा हट्ट

आमच्या वाणीला राग आला की ती बोलत नाही, बडवते. लग्न होऊन तमिळ मुलखात, मैलापूरला आले त्याच आठवड्यात मला हे कळलं. मी कराडची. आमच्याकडे राग आला की माणूस बोलतो, आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल असं बोलतो आणि मोकळा होतो. इथे ही माझी धाकटी नणंद एग्मोरच्या रेल्वेच्या ऑफिसातून आली, चपला काढल्या, माझ्याशी एक अक्षर न बोलता माडीवर गेली आणि वरून जे काही सुरू झालं, त्याने माझ्या फळीवरचे डबे नाचायला लागले.

"अहो, हे काय?" मी घाबरून विचारलं.

माझे यजमान जयतीर्थ, म्हणजे वाणीचे थोरले भाऊ, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ड्रम्स. ऑफिसात कोणीतरी काहीतरी बोललं असेल."

तर अशी आमची वाणी. आता पन्नाशी ओलांडली, केस पांढरे झाले, अजून ऑफिसात फायली सरकवते आणि अजून बडवते. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारणाऱ्या बायकांना मीच परस्पर वाटेला लावते.

लहानपणी तिला मृदंग शिकायचा होता. ही मूळची तंजावूरची मराठी माणसं, घरात गाण्याला तोटा नाही. पण गल्लीच्या तोंडाशी राहणारे मास्तर म्हणाले, मुलीच्या मांडीवर मृदंग शोभत नाही, तिला वीणा शिकवा. वाणी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ती रोज संध्याकाळी मास्तरांच्या खिडकीखाली बसायची आणि आत मुलांना जे शिकवत ते बाहेर पायरीवर बोटांनी वाजवायची. हाकललं की जायची, दुसऱ्या दिवशी परत हजर. पुढे नोकरी लागल्यावर ऑफिसजवळच्या एका चर्चमध्ये तिला ड्रम्सचा संच दिसला. तिथल्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याने तिला स्टिक हातात दिल्या आणि म्हणाला, वाजव. हे वाजवायला मुलगी लागते की मुलगा, ते त्याने विचारलं नाही. त्या माणसाला माझा नमस्कार.

मग शेजारच्या गल्लीतल्या हरिप्रसादने बँड काढला. हरिप्रसादही तंजावूरचाच मराठी, शाळेत केमिस्ट्री शिकवतो, गळा मात्र देवाने दिलेला. बँडचं नाव 'उप्पुकात्तु', तमिळमध्ये खारं वारं. मराठी घरातली पोरं, तमिळ गाणी, विलायती वाद्यं. ह्यातलं नेमकं काय वाईट, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पहिला अल्बम कॅसेटवर निघाला, मधले सीडीवर, शेवटचे दोन नुसते फोनवर. सात अल्बम झाले आणि एकही पडला नाही. ह्या 'पडला नाही'पायीच पुढचं सगळं रामायण घडलं, म्हणून ते जरा समजून घ्या.

रॉक ऐकणाऱ्या लोकांचा एक लाडका खेळ असतो. कुठल्या बँडचे ओळीने किती अल्बम चांगले निघाले ते मोजायचं. मधे एक जरी फुसका निघाला की मोजणी तिथेच संपली. मग पुढे सोन्याचे काढा नाहीतर हिऱ्याचे, मालिका तुटली ती तुटली. आणि ह्या खेळात भांडणं काय होतात म्हणता! कार्यक्रमात रेकॉर्ड केलेला अल्बम धरायचा का? जोडअल्बम एक की दोन? गाणारा बदलला तर बँड तोच की दुसरा? माझ्या बैठकीत ह्यावरून दोन शिकलेली माणसं एकमेकांवर कपबश्या उगारताना मी पाहिली आहेत. इथल्या मंडळींत ह्या खेळातला शेवटचा शब्द म्हणजे जननी. पेरुंगुडीला कॉम्प्युटर कंपनीत आहे, दिवसभर तेच काम आणि उरलेला वेळ हे काम. नेटवर तिचं पान आहे, हजारो लोक वाचतात. तिथे तिने ठणकावून लिहून ठेवलं होतं की भल्याभल्या गोऱ्या बँडांची पाचव्या-सहाव्याला दमछाक होते, आणि मैलापूरचा 'उप्पुकात्तु' सातवर उभा आहे.

झालं! हरिप्रसादच्या डोक्यात ते सात बसलं. आधी हा माणूस गाणं सुचलं की पायजम्यावर धावत यायचा. आता गाणं सुचलं तर म्हणायचा, "हे सातव्याच्या तोडीचं आहे का?" एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. माडीवर तालीम व्हायची, जुनीच गाणी परत परत. आठव्याचं नाव काढलं की हरिप्रसादचा चेहरा कुणीतरी हॉस्पिटलात असल्यासारखा व्हायचा. शेवटी एकदा म्हणालाच, "अस्के म्हणालेत, सातवर थांबूया. चांगलं नाव आहे तोवर." अस्के म्हणजे सगळे. इथलं मराठी जुनं आहे, आम्हा घाटावरच्यांना ऐकताना मजा वाटते. पण त्या दिवशी मला मजा वाटली नाही. सगळे म्हणजे कोण? तो आणि त्याची भीती!

वाणी तडक माडीवर गेली. पण त्या संध्याकाळी वरून जो आवाज आला तो रागाचा नव्हता. हळू होता, थांबत थांबत होता. असं बरेच महिने चाललं.

एका रविवारी दुपारी ती माझ्यासमोर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होती. एकदम म्हणाली, "वैनी, तुम्ही आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला येता. मी एकटी वाजवायला लागले की काय होतं?"

"लोक उठतात," मी म्हटलं. मी तोंडावर बोलणारी बाई आहे.

"कुठे जातात?"

"कँटीनला. दुसरीकडे कुठे जाणार?"

ही मैलापूरची रीत आहे. सभेत, म्हणजे इथल्या गाण्याच्या संस्थेच्या मैफलीत, गाणं रंगात आलं की गाणारा मधे थांबतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो. त्याला इथे तनी म्हणतात. तनी सुरू झाली की अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. जाणकार, रसिक, पिढ्यान्‌पिढ्या गाणं ऐकणारी माणसं उठतात आणि डोसा खायला जातात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मृदंगवाल्यालाही नाही. 'उप्पुकात्तु'चे श्रोते ह्याच घरांमधले. त्यांनी रॉक ऐकायला सुरुवात केली, पण रीत काही सोडली नाही. गिटार थांबली, ड्रम्स एकटे राहिले, की चला कॉफीला.

"मला त्याचा अपमान वाटतो," वाणी म्हणाली. "इतकी वर्षं वाटतो. आणि हरीला त्याचीच भीती. सात अल्बम, सात अल्बम म्हणून नाचतात. त्या सातांत मी एकटी कुठे आहे सांगा? जरा लांब वाजवलं की हरी कापतो. म्हणतो, इथे लोक गाणं पुढे पळवतील." तिचे डोळे भरले होते. मी तिला सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. "मी एक लांब तुकडा बसवलाय वैनी. नुसते ड्रम्स. आठव्या अल्बमच्या बरोबर मध्यावर. तो नसेल तर मला बँडच नको."

मी शेंगा बाजूला ठेवल्या. म्हटलं, "मग माझ्यापुढे काय रडतेस? त्याच्यापुढे बोल!"

बोलली. दोन दिवसांनी माडीवर तालमीला जमले तेव्हा मी मुद्दाम बोंड्यांची ताटली घेऊन वर गेले आणि खाली यायचं नाव काढलं नाही. हरिप्रसादने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही तो, घाबरलेला आहे.

"नको म्हणत नाही गा मी," तो म्हणाला. "पण मध्यावर? लोक उठतात तिथेच?"

"तिथेच."

"मालिका तुटेल. जननी काय लिहील?"

"जननी माझी सासू आहे काय?" वाणी म्हणाली.

गिटार वाजवणारा शेषाद्री हसला आणि हरिप्रसादने पाहिल्यावर गप्प बसला. मग हरिप्रसाद म्हणाला, "ठीक. एकदा लोकांपुढे वाजव. लोक बसले तर आठवा अल्बम करायचा, तू म्हणतेस तसा. उठले तर सातवर थांबायचं. बँड बंद. कबूल?"

मला वाटलं ही नाही म्हणेल. कुठल्याही शहाण्या माणसाने नाहीच म्हटलं असतं. मैलापूरच्या लोकांनी तनीला उठू नये, ही काय पैज झाली?

"कबूल," वाणी म्हणाली.

खाली आल्यावर मी तिला झापली. म्हटलं, तुझं डोकं फिरलंय, स्वतःच्या हाताने बँडचा गळा घोटलास. तर म्हणते, "वैनी, असाही तो घोटलेलाच आहे." आणि जेवायला बसली. चांगली दोनदा रसम घेतली.

कार्यक्रम ठरला तो मैलापुरातल्याच एका सभेच्या हॉलमध्ये. हरिप्रसाद म्हणाला, आपल्या लोकांचे आता गुडघे दुखतात, त्यांना खुर्च्या लागतात. खरं होतं ते. पण त्या हॉलच्या मागच्या अंगाला कँटीन आहे आणि तिथला रवा डोसा अख्ख्या मैलापुरात नावाजलेला आहे, हेही खरं होतं. मी मनात म्हटलं, वा रे हरिप्रसादा, बरोबर जागा शोधलीस!

शनिवारची संध्याकाळ. हॉल भरलेला. रेशमी साड्या, कपाळावर गंध, आणि त्यांच्यात पेरुंगुडीची काळ्या टीशर्टवाली पोरं. जननी पहिल्या रांगेत. मी आणि हे तिसऱ्या रांगेत. पहिली गाणी अशी झाली की काय सांगू, हरिप्रसादचा आवाज त्या दिवशी नुसता तळपत होता. माझ्या शेजारची मामी (इथे कुठल्याही पोक्त बाईला मामीच म्हणतात) तर मांडीवर ताल धरून बसली होती.

मग गिटार थांबली. शेषाद्रीने ती बाजूला ठेवली. बाकीचे विंगेत गेले. वाणी एकटी राहिली आणि तिने पायाने सुरू केलं, अगदी हळू.

आणि लोक उठले.

रागावून नाही हो. तेच तर वाईट. रागावून उठले असते तर भांडता आलं असतं. हे वाकून, पदर सावरून, दुसऱ्याच्या पायावर पाय न देता, वाणीकडे बघून कौतुकाने मान हलवत उठले. मांडीवर ताल धरणारी मामी उठली. टीशर्टवाली पोरं उठली. जननीसुद्धा उठली, जगातल्या यच्चयावत बँडांचा हिशोब ठेवणारी! आणि माझ्या शेजारी हालचाल झाली म्हणून बघते तर आमचे हे खुर्चीच्या दांड्याला हात लावून अर्धे उभे.

"बसा खाली," मी शर्ट धरून ओढलं. "सख्खी बहीण आहे!"

"सवयीने गं," ते ओशाळून म्हणाले आणि बसले.

पैज गेली होती. अर्ध्याहून जास्त हॉल रिकामा, मागच्या दारातून तुपाचा वास आत येतोय, आणि ती एकटी बाई स्टेजवर वाजवतेय. वाणीने मान वर करून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. एकेका रांगेकडे पाहिलं. हात चालूच. मग तिचा जबडा आवळलेला मला दिसला. तो जबडा मी ओळखते. मी ह्यांना म्हटलं, "आता काहीतरी होणार."

तनी संपायची एक खूण असते. शेवटी वाजवणारा एक बांधलेली बोलांची रचना तीनदा वाजवतो. तिसऱ्यांदा झाली की गाणारा गाण्याची ओळ परत उचलतो. मैलापूरच्या माणसाला ती खूण पोटातच कळते. तोंडात डोसा असला तरी ती ऐकू आली की हात धुवायला पळतो, कारण पुढचं गाणं चुकवायचं नसतं.

वाणीने ती खूण वाजवली. तुकडा निम्मासुद्धा झाला नव्हता, पण तिने ती वाजवली. मोठ्याने, स्वच्छ, कँटीनपर्यंत पोचेल अशी. एकदा. दोनदा. तीनदा.

अहो, काय धावपळ! दारं धाडकन उघडली. ओले हात रुमालाला पुसत, मिशा पुसत, साड्या सावरत सगळे आत. मामी तर हलव्याचा द्रोण हातातच घेऊन आली. धडाधड खुर्च्या भरल्या. आणि स्टेजच्या बाजूच्या दारातून हरिप्रसाद धावत आला. हातात स्टीलचा कॉफीचा टंबलर! तसाच माइकसमोर उभा राहिला आणि ओळ उचलायला त्याने तोंड उघडलं.

वाणीने एक स्टिक त्याच्यावर रोखली. तो तोंड उघडं ठेवून थांबला.

वाणीने वाकून आपल्याजवळचा माइक तोंडाशी ओढला आणि तमिळमध्ये, ऑफिसात रांगेतल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "सगळे आलात? पोटभर खाल्लंत? बरं झालं. आता पहिल्यापासून वाजवते." मग हरिप्रसादला मराठीत म्हणाली, "तू पण बस. तू पण कधी ऐकलं नाहीस."

मागे कुणीतरी हसलं, पण एकटंच. हरिप्रसाद मुकाट्याने स्टेजवर खाली बसला, टंबलर मांडीवर धरून. आणि वाणीने परत पायाने सुरू केलं, अगदी हळू.

संगीतातलं मला फार कळत नाही. मी कराडची, आम्हाला हलगी कळते. पण एवढं सांगते, त्यात त्या मास्तरांच्या खिडकीतून ऐकलेलं सगळं होतं आणि ते ऐकू न देणाऱ्यांवरचा रागही होता. मध्येच ती इतकी हळू व्हायची की वरच्या पंख्याचा आवाज यायचा, आणि मग अशी कोसळायची की माझ्या बांगड्या थरथरायच्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी उठायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या बायकोने नुसतं पाहिलं. आजोबा बसले. त्यानंतर कुणाची बिशाद झाली नाही. मी रडत होते. उघड रडत होते, लाज कसली?

शेवटी खरी खूण आली. तीनदा वाजली. आता हरिप्रसादने ओळ उचलायची. तो उठला नाही. तिच्याकडे बघत बसून राहिला. इतक्या वर्षांत ह्या माणसाने एक जागा चुकवली नव्हती, आणि आता गायचं आहे हेच विसरला. वाणीने खूण पुन्हा वाजवली, तेव्हा तो दचकून उभा राहिला आणि गायला. आवाज पार फाटला होता.

कार्यक्रम संपल्यावर मी सरळ मागच्या खोलीत घुसले. मला कोण अडवणार? हरिप्रसाद कोपऱ्यात उभा होता.

"पैज तू जिंकलीस असं नाही," तो म्हणाला. "लोक उठले होते."

"उठले होते," वाणी म्हणाली. "तू पण उठला होतास."

हरिप्रसाद हळूच म्हणाला, "मी हे खरंच कधी ऐकलं नव्हतं गा वाणी. मला वाटायचं, ऐकलंय." मग शाळामास्तरच तो, लगेच व्यवस्थेला लागला. "शेषाद्रीने रेकॉर्ड केलंय. अल्बमला घालूया. दुसऱ्यांदा वाजवलंस तेवढंच घेऊ. पहिलं कापून टाकू, त्यात खुर्च्यांचा आवाज आहे."

"काही कापायचं नाही," वाणी म्हणाली. "अस्कं घ्यायचं. लोक उठले ते, खुर्च्या सरकल्या त्या, परत आले ते, मी बोलले ते."

"अर्धा अल्बम त्यातच जाईल! मालिका तुटणार. शंभर टक्के तुटणार."

"तुटू दे."

तो माझ्याकडे वळला. त्याला वाटलं असेल, थोरली आहे, समजावेल. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? मी तर म्हणते माझ्या रडण्याचा आवाज आला असेल तर तोही ठेवा."

अल्बम दिवाळीच्या आधी निघाला. तसाच, एक खुर्चीही न कापता. आठवड्याभरात जननीने लिहिलं. लबाडी केली नाही पोरीने, आपणही उठलो होतो हे तिने कबूल केलं. पण मोजणीच्या बाबतीत ती कुणाची गय करत नाही. 'हा अल्बम नाही, भांडण आहे,' असं लिहिलं. 'उप्पुकात्तुची मालिका सातवर संपली.' खाली शेकडो लोकांनी हळहळ व्यक्त केली. काहींनी वाणीला नावं ठेवली, ती मी इथे सांगणार नाही.

हरिप्रसाद फोन हातात घेऊन आमच्याकडे आला तो तोंड पाडूनच. वाणी नुकतीच ऑफिसातून आली होती, पायरीवर बसून चपला काढत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"संपलं," तो म्हणाला. "सात. पंचवीस वर्षांचं संपलं."

"सात तुझे होते हरी," वाणी म्हणाली. "ते संपले. माझा हा पहिला. दुसऱ्याची तालीम रविवारी आहे. गायला येणार असशील तर सांग, नाहीतर मी दुसरा गाणारा बघते."

हरिप्रसादने फोन खिशात टाकला आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"